गोंदिया जिल्ह्यातून रायगढच्या चक्रधर समारोहाला घरच्यांना घेऊन कसं जायचं

गणपतीच्या दिवसांत छत्तीसगडातल्या रायगढ शहरात दहा दिवस गाणं, वाजवणं, नाचणं चालते, त्याला चक्रधर समारोह म्हणतात. १९८५ पासून सुरू आहे. रामलीला मैदानात होते, तिकीट नसते, जायचं अन् बसायचं. आपल्या गोंदियावरून तिथं सरळ रेल्वे जाते, मधात गाडी बदलायची गरज नाई, तरी आपल्या इकडच्या खेड्यातल्या लोकांना हे माहीतच नाई याचं मले लय वाईट वाटते. देशातले नावाजलेले कथक, तबला, सतार, गायनवाले कलाकार तिथं येतात, अन् ते ऐकायला नागपूर-पुण्याचं महागडं तिकीट काढायची गरज नाई. म्हणून ज्यांनी कधीच असा कार्यक्रम पाहिला नाई, घरात म्हातारी माय आहे, लहान पोरं आहेत, शेती आहे, अशा लोकांसाठी पहिल्यापासून लिहून रायलो.

सगळ्यात आधी एक सांगून ठेवतो, बाकी विसरलात तरी चालेल. दहाही दिवस पाहायचा विचार करू नका. एकच संध्याकाळ पकडा, अन् दोन रात्रीचा मुक्काम ठेवा, बाकी सगळं त्या एका संध्याकाळीच्या भोवती बसवा. घरच्या लोकांना घेऊन जाणं आहे, ते दमले, उपाशी राहिले, झोपेला आले तं स्टेजवर कितीही मोठा कलाकार असो, त्याईच्या डोक्यात काही जाणार नाई.

पहिलं काम, दिवस ठरवणं

समारोह गणेश चतुर्थीला सुरू होते. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे दरवर्षी तारीख बदलते, कॅलेंडर पाहूनच बोला. चतुर्थीचाच दिवस काहून, तं ज्याईच्या नावानं हा समारोह होते त्या रायगढच्या राजा चक्रधर सिंह यांचा जन्म १९०५ मध्ये गणेश चतुर्थीचाच होता असं सांगतात.

शेतीच्या हिशोबानं हे दिवस आपल्याला बरे पडतात. धानाची रोवणी झालेली असते, कापणीला वेळ असतो, पोळा, तान्हा पोळा होऊन गेलेला असतो. निंदण, खत, फवारणी राहते पण दोन-तीन दिवस भावाला नाईतर शेजाऱ्याला सांगून निघता येते. अडचण दुसरीच असते, ती घरातली. घरी गणपती बसतो, अन् चौथ झाली की दोन-चार दिवसांत महालक्ष्म्या येतात. ज्याच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्या घरची बाई त्या तीन दिवसांत कुठंच हलू शकत नाई, अन् तिला मागं ठेवून बाकीच्यांनी गाणं ऐकायला जाणं मले तं पटत नाई. म्हणून महालक्ष्म्या उठल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा बेत करा. तोपर्यंत समारोह चालूच राहते. दीड दिवसाचा गणपती असेल तं काही प्रश्नच नाई, दहा दिवसांचा असेल तं आरतीची जबाबदारी कोणावर तरी सोपवून जा.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्याला समजत नाई. छत्तीसगडात पोळ्यानंतर तीजा राहते, आपली हरतालिका तेच. लग्न झालेल्या पोरी त्या वेळी माहेरी जातात, अन् साऱ्या छत्तीसगडात जातात, एकदोन घरच्या नाई. पोळ्यापासून चतुर्थीपर्यंत अन् त्यानंतर परतीचे एकदोन दिवस गाड्या, बस खचाखच भरतात. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून म्हातारे, लेकरं सोबत असतील तं उद्घाटनाच्या दिवसाचा मोह सोडा.

दुसरं, तिकीट

स्टेशनचं नाव नीट पाहा. आपल्या कोकणात रायगड आहे अन् हे छत्तीसगडातलं रायगढ, बुकिंग करताना स्टेशन कोड आरआयजी दिसला पायजे. गोंदियाचा कोड नुसता जी आहे. मोबाईलवर नकाशा पाहतानाही नावासमोर छत्तीसगड टाका.

गाडी कोणती? गोंदिया-रायगढ जनशताब्दी, जाताना नंबर १२०७०, येताना १२०६९. गोंदियावरूनच सुटते म्हणून गाडी प्लॅटफॉर्मवर लागलेली असते, म्हाताऱ्या माणसाला धावपळ न करता चढता येते, सामान ठेवता येते, हा लय मोठा फायदा आहे. दुपारी निघते, रात्री उशिरा रायगढला पोहोचते. येताना सकाळी लवकर रायगढवरून निघते अन् दुपारी गोंदियाला आणून सोडते. ही बसायची गाडी आहे, झोपायचा बर्थ नसतो. ज्याला कंबरेचा त्रास आहे त्याच्यासाठी हावडा लाईनच्या ज्या लांबच्या गाड्या गोंदियावरून जातात त्यातली रायगढला थांबणारी एखादी पाहा, स्लीपरमध्ये आडवं होता येते. कोणती गाडी कोणत्या दिवशी धावते, किती वाजता निघते हे दरवेळी रेल्वेच्या ॲपवर पाहूनच ठरवा, वेळापत्रक बदलत राहते, अन् या लाईनवर काम निघालं की गाड्या रद्दही होतात.

रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडते. आधी १२० दिवस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० झालं. समारोहात कोण कोणत्या दिवशी येणार ती लिस्ट मात्र उशिरा येते, बरेचदा थोडेच दिवस राहिले असताना, तेव्हा लिस्टची वाट पाहत बसाल तं तिकीट हातचं जाईल. तिकीट आधी काढा, दिवस पक्का करा, त्या दिवशी जो कलाकार येईल तो आपला.

पोरांच्या तिकिटाबद्दल लय लोक गोंधळतात म्हणून लिहितो. ५ वर्षाच्या आतल्या लेकराला तिकीट नाई पण सीटही नाई, मांडीवर. ५ ते १२ वर्षाच्या पोराला स्लीपरमध्ये बर्थ नको म्हटलं तं अर्धं तिकीट चालते, पण जनशताब्दीसारख्या बसायच्या डब्यात ती सवलत नाई, तिथं पूर्ण तिकीट अन् पूर्ण सीट. म्हाताऱ्या लोकांना रेल्वेत जी भाड्याची सूट होती ती २०२० पासून बंद आहे. स्लीपरमध्ये खालचा बर्थ मात्र ६० वर्षाच्या वरच्यांना अन् ४५ च्या वरच्या बायांना मिळू शकते, बुकिंग करताना वय बरोबर टाका.

तत्काळच्या भरोशावर राहू नका. ऑनलाईन तत्काळला आता आधार जोडलेलं खातं लागते अन् ओटीपी येते, आपल्या गावात त्या वेळी नेटवर्क गेलं तं सगळं बसलं.

गावावरून गोंदियापर्यंत एसटीनं जा. बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्यांना फुकट आहे, आधार कार्ड सोबत ठेवा. पण ही सवलत महाराष्ट्राच्या आतलीच, बॉर्डरच्या पलीकडं ती लागू नाई.

आपली गाडी घेऊन जायची असेल तं

जाता येते, पण मी तरी नको म्हणेन. देवरीवरून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला की सिरपूरजवळ बॉर्डर, मंग राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, अन् पुढं सरायपाली-सारंगढ करून रायगढ. पांढऱ्या नंबर प्लेटच्या घरच्या गाडीला बॉर्डरवर टॅक्स लागत नाई, कागदपत्रं, विमा, पीयूसी पायजे अन् फास्टॅगमध्ये पैसे पायजेत. पिवळ्या प्लेटची गाडी भाड्यानं केली तं मालकाला विचारा की दुसऱ्या राज्याचं परमिट आहे का, नसेल तं तिथं रोखतात अन् खर्च तुमच्या माथी येते. खरी अडचण पुढची आहे, रायगढच्या आसपास कोळसा अन् स्टीलचे कारखाने आहेत, ट्रक लय चालतात, पावसाचे दिवस, रात्रीची वेळ, कार्यक्रम पाहून जागलेला ड्रायव्हर. लेकरंबाळं घेऊन हे कशाला करायचं?

तिसरं, रूम

तिकीट झालं की त्याच आठवड्यात रूम करा. समारोहाच्या दिवसांत शहरात बाहेरची माणसं येतात, गणपतीचा मेळाही असतो. फोन करताना तीन गोष्टी विचारा. एक, आम्ही रात्री उशिरा येणार, दार उघडून द्याल का. दोन, हिशोब २४ तासांचा आहे का दुपारी १२ चा, कारण रात्री येऊन दुसऱ्या दिवशी १२ वाजता एक दिवस संपला तं पैसे जास्त जातात. तीन, म्हाताऱ्यांसाठी खालच्या मजल्यावर रूम आहे का. सगळ्या मोठ्या माणसांचे आधार ओरिजिनल न्या, मोबाईलमधला फोटो कुठं चालते कुठं नाई. स्टेशनजवळची रूम घ्या, येताना पहाटेची गाडी पकडायची आहे.

सामान काय घ्यायचं

जाताना सात-आठ तास गाडीत बसायचं आहे तेव्हा घरून डबा करून न्या. तेल लावलेल्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भाजी, मुरमुऱ्याचा चिवडा. भात नेऊ नका, दमट हवेत संध्याकाळपर्यंत टिकत नाई. छत्री, एखादा मोठा प्लास्टिकचा कागद, एक चादर अन् पातळ शाल. पाऊस केव्हाही येते त्या दिवसांत, मैदानात चिखल होते, तेव्हा नवीन चपला, पांढरे कपडे घरी ठेवा. मच्छरांची मलम विसरू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या, गाडी लेट झाली तं. छोट्या लेकरांसाठी कानात घालायला कापूस, स्पीकरजवळ आवाज लय मोठा राहते.

बॉर्डर केव्हा येते

सालेकसा गेलं की डोंगर, जंगल सुरू होते, दरेकसा हे आपल्याकडचं शेवटचं स्टेशन अन् बोरतलाव हे पलीकडचं पहिलं. पावसात हिरवंगार असते, पोरांना खिडकीजवळ बसवा. पुढं डोंगरगड लागते, आपल्या इकडचे लोक बमलाई देवीच्या दर्शनाला जातात तेच. त्याच्या पुढं राजनांदगाव, दुर्ग, रायपूर, भाटापारा, बिलासपूर, चांपा, अन् मंग रायगढ. भाषेचं टेन्शन घेऊ नका, आपण गोंदियावाले हिंदी बोलतोच, आमगाव-सालेकसाकडं तं छत्तीसगडीही घरोघरी समजते. तिथं भैया, दीदी म्हणून बोला, म्हाताऱ्या बाईला दाई म्हणा, माणूस लगेच जवळ येते.

दुसरा दिवस

सकाळी उठायची घाई करू नका. आरामात उठा, पोहे-जिलबी नाईतर समोसा, बडा खा. तांदळाचा चीला अन् फरा मिळाला तं आवर्जून खा, आपल्यासारखाच धानाचा मुलूख आहे, पोटाला परकं वाटत नाई.

दुपारपर्यंत एकच ठिकाण पाहा. राजाचा मोतीमहाल केलो नदीच्या बाजूला आहे, बाहेरून तरी पाहून घ्या, संध्याकाळी ज्याच्या नावाचा कार्यक्रम ऐकायचा त्याचं घर पोरांनी पाहिलेलं बरं. ज्याला हाताच्या कामात रस आहे त्यानं एकताल गावाला जावं, तिथं झारा लोक मेणाचा साचा करून पितळेच्या मूर्ती ओततात, ढोकरा काम म्हणतात त्याला, घरीच काम चालते अन् समोर बसून पाहता येते. दोन्ही एकाच दिवशी करू नका. दुपारी जेवून दोन तास सगळ्यांनी झोपायचं, पोरांना तं जबरदस्ती झोपवा, रात्री त्याचाच फायदा होते.

मैदानात

कार्यक्रम संध्याकाळी सुरू होते अन् रात्री उशिरापर्यंत चालते. तुम्ही तासभर आधी जा. पुढच्या रांगा बहुतेक पाहुण्यांसाठी ठेवलेल्या राहतात, तिकडं जाऊन वाद घालू नका, त्यामागच्या खुर्च्या धरा. कथक असेल तं मधोमध बसा, कडेला बसलं की पाय दिसत नाई अन् कथकमध्ये पाय नाई दिसले तं काय दिसलं? म्हाताऱ्यांना बाहेर निघायच्या वाटेजवळची खुर्ची द्या, उठबस सोपी पडते. मोबाईल हरवला, लेकरू हरवलं तं कुठं भेटायचं ती जागा आधीच ठरवा, गेट नाईतर एखादं दुकान. पोराच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

सुरुवातीला सत्कार, भाषणं होतात, वेळ जाते. तेवढ्यात पोरांना खाऊ घालून घ्या, पाणी पाजा, मंग मधात उठायचं काम पडत नाई.

काय ऐकायचं, कसं ऐकायचं

हे मी जास्त लिहिणार, कारण इथंच आपले लोक घाबरतात. "शास्त्रीय आहे, आपल्याला काय समजते" असं म्हणून मागं सरतात. ऐका तं मंग.

राजा चक्रधर सिंह राजगोंड घराण्याचे. त्यांचे पूर्वज चांद्याकडच्या वैरागडवरून तिकडं गेले असं सांगतात, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं, आरमोरी तालुक्यातलं आपलं वैरागड. राजा स्वतः तबला, पखवाज वाजवायचे, १९२४ मध्ये गादीवर आले, जयपूरवरून जयलाल महाराज, लखनौवरून अच्छन महाराज असे मोठे गुरू दरबारात बोलावले, अन् शिकवलं कोणाला? कार्तिकराम, कल्याणदास, फिरतू महाराज, बर्मनलाल अशा तिथल्याच मातीतल्या पोरांना. कार्तिकराम तं खेड्यातल्या गम्मत नावाच्या लोकनाट्यात नाचणारं पोरगं होतं. आपल्याकडं खडी गंमत आहे, तसंच ते. जयपूर अन् लखनौ दोन्हीकडचं घेऊन या पोरांच्या पायात जे उतरलं त्याला आज कथकचं रायगढ घराणं म्हणतात. कार्तिकरामचे चिरंजीव रामलाल बरेठ यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. हा नाच खेड्यातूनच उभा राहिला आहे, म्हणून आपण परके आहोत असं मनातही आणू नका.

राजानं ग्रंथही लिहिले, नर्तन सर्वस्वम्, तालतोयनिधि, रागरत्न मंजूषा अशी नावं आहेत. पावसाचे ढग दाटून येतात त्यावर दलबादल, वीज कडाडते त्यावर कडक बिजली असे परन या घराण्यात नाचतात. परन म्हणजे पखवाजाच्या जोरदार बोलांची, म्हणजे वाजवण्याच्या अक्षरांची, रचना. नाचणारा कलाकार आधी तोंडानं बोल म्हणून दाखवते, मंग तेच पायानं काढते, तेव्हा तोंडाचे बोल नीट ऐकून ठेवायचे अन् पायात ते सापडतात का पाहायचं. एवढं केलं तरी अर्धा नाच समजला.

दुसरी सोपी युक्ती, सम पकडणं. तालाचं चक्र फिरून जिथं परत पहिल्या मात्रेवर, म्हणजे पहिल्या ठोक्यावर, येते ती सम. तीनताल १६ मात्रांचा असतो. हाताच्या बोटांवर मोजत राहा, थोड्या वेळानं आपोआप मान हलते. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीन वेळा म्हणून नेमका समेवर संपवणं. तिसऱ्यांदा संपलं की लोक टाळ्या वाजवतात, तुम्हीही वाजवा. पोरांना हा खेळ लय आवडते, मोठ्यांच्या आधी त्याईलाच जमते. आलाप सुरू असताना मात्र बोलू नका, त्या वेळी ताल नसते, गाणारा एकेक सूर उघडून दाखवत असते, घाई नसते त्यात.

सगळाच कार्यक्रम शास्त्रीय नसते. पंडवानी, पंथी, कर्मा असे छत्तीसगडचे लोककलेचे प्रकार असतात, एखाद्या दिवशी कवी संमेलन, एखाद्या दिवशी सिनेमातला गायक. सिनेमाचा गायक असला त्या रात्री गर्दी कितीतरी जास्त. घरच्यांना घेऊन पहिल्यांदा जाताना ती रात्र टाळा अन् कथक-तबल्याची साधी रात्र धरा असं मी सांगेन, जागा मिळते अन् शांत ऐकता येते. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहणाऱ्या आपल्या लोकांना जागायचं काय अवघड. पण म्हाताऱ्यांना डुलकी लागली, लेकरू मांडीवर झोपलं तं शेवटपर्यंत बसायचा हट्ट नको. एक मोठा कलाकार पूर्ण ऐकला, पुरे.

ज्याच्या घरात गाणारं, नाचणारं लेकरू आहे त्यानं एक लक्षात ठेवा. वाटेत डोंगरगड-राजनांदगाववरून रस्त्यानं खैरागढला जाता येते, तिथं १९५६ पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, राजवाड्यातच भरते. बारावीनंतर काय करायचं असा प्रश्न असेल तं तिथली माहिती काढून ठेवा, नागपूर-मुंबईच्या आधी हे आपल्याला जवळ आहे.

परत येताना

मैदानातून निघताना ऑटो, ई-रिक्षाची मारामारी होते, तेव्हा जाताना ज्याच्या रिक्षात बसलात त्याचाच नंबर घेऊन ठेवा अन् भाडं आधीच बोलून घ्या. पहाटेच्या जनशताब्दीनं निघायचं असेल तं बॅगा संध्याकाळी कार्यक्रमाला जायच्या आधीच भरून ठेवायच्या, रूमचा हिशोबही तेव्हाच करून टाकायचा. एवढी धावपळ म्हाताऱ्यांना झेपणार नाई असं वाटलं तं दुपारच्या-रात्रीच्या स्लीपरच्या गाडीचं तिकीट काढा, रूम अर्धा दिवस जास्त पडेल पण झोप होईल.

बमलाईचं दर्शन करायचं असेल तं डोंगरगडपर्यंतचंच तिकीट काढा. वर हजाराच्या वर पायऱ्या आहेत, रोपवेही आहे, पण तो चालू आहे का हे खालीच विचारून मंग म्हाताऱ्यांना रांगेत उभं करा. तिथून गोंदियाकडं लोकल, पॅसेंजर मिळते.

सरळ आलात तं दुपारी गोंदियाला उतरता, अन् देवरी, आमगाव, सालेकसा, तिरोडा कुठंही जायचं असलं तरी उजेड आहे तोवर एसटी मिळून जाते. गाडी लेट असेल तं बिलासपूरच्या आधीच अंदाज येते, तेव्हाच घरी फोन करून कोणाला तरी मोटरसायकल घेऊन फाट्यावर यायला सांगून ठेवा, शेवटची गाडी निघून गेल्यावर गावापर्यंतचा रस्ता म्हातारी माणसं अन् सामान घेऊन पायी होत नाई.